परळची गर्भवती, बोस्टनचे मूल: एका जीवनसत्त्वाचा इतिहास

१/
महाराष्ट्रातल्या कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात गर्भवती स्त्रीच्या हातावर एक लाल गोळी ठेवली जाते. तीत लोहाबरोबर फॉलिक ॲसिड असते. रक्तपेशी घडण्यासाठी लागणारे ते जीवनसत्त्व. त्याच दिवशी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात ल्युकेमियाने आजारी असलेल्या एखाद्या मुलाला मेथोट्रेक्सेट नावाचे औषध दिले जात असते. त्या औषधाचे काम म्हणजे याच फॉलिक ॲसिडची वाट अडवणे. एकीला जो रेणू देऊन वाचवायचे, तोच दुसऱ्याच्या शरीरात रोखून धरायचा. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन उपचारांची वंशावळ एक आहे, आणि तिचा एक जुना धागा याच परळच्या परिसरात, गिरणगावातल्या गर्भवती स्त्रियांच्या रक्तात सापडतो.

२/
आधी रोगाविषयी. १८४५ साली एडिंबरोत जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिरशो यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, मृत रुग्णांच्या रक्तात पांढऱ्या पेशींचा विलक्षण अतिरेक नोंदवला. फिरशोने १८४७ मध्ये त्याला ‘ल्युकेमिया’ म्हटले. ग्रीक भाषेत ‘पांढरे रक्त’. नाव मिळाले, उपाय मिळाला नाही. मुलांमध्ये आढळणाऱ्या तीव्र ल्युकेमियात अस्थिमज्जा अपक्व पांढऱ्या पेशींनी भरून जाते. तांबड्या पेशी घडत नाहीत, म्हणून मूल फिकुटते. रक्त गोठवणाऱ्या पट्टिका घडत नाहीत, म्हणून हिरड्यांतून, नाकातून रक्त वाहते. संसर्गाशी झुंजणाऱ्या पेशी उरत नाहीत, म्हणून साधा तापही जीवघेणा ठरतो. नाव मिळाल्यानंतर शंभर वर्षे उलटली तरी निदानानंतरचे आयुष्य आठवड्यांत वा फार तर काही महिन्यांत मोजले जाई. डॉक्टर रक्त चढवीत, वेदना कमी करीत आणि आईवडिलांना खरे सांगत. त्यापलीकडे काही नव्हते.

३/
आता १९२८ ची मुंबई. एप्रिल ते ऑक्टोबर गिरण्यांचा सार्वत्रिक संप चालला. सुमारे दीड लाख कामगार रस्त्यावर होते. गिरण्यांतील कामगारांत साधारण पाचवा हिस्सा स्त्रियांचा असे. वाइंडिंग आणि रीलिंगच्या खात्यांत सूत गुंडाळणाऱ्या या स्त्रिया बाळंतपणाच्या अगदी तोंडापर्यंत कामावर येत, कारण खाडा झाला की मजुरी बुडे. त्याच वर्षी २८ जुलै रोजी मुंबई कायदे मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूती-लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देणारे भाषण केले. मातेला प्रसूतीच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. पुढच्या वर्षी, १९२९ मध्ये, तो कायदा झाला. गर्भवती कामगार स्त्रीचे शरीर हा तेव्हाच्या मुंबईत वादाचा विषय होता तो असा.

४/
कायदे मंडळाबाहेर हाच प्रश्न वैद्यक विचारीत होते. गरीब वस्त्यांतील कित्येक गर्भवती स्त्रिया तीव्र रक्तक्षयाने खंगत. पाय सुजत, धाप लागे, जीभ सोलवटून निघे. अनेकींचा अंत बाळंतपणाच्या आसपास होई. डॉ. मार्गारेट बाल्फर यांच्या पुढाकाराने मातामृत्यूंची एक चौकशी हाती घेण्यात आली. तिचे केंद्र होते परळची हाफकिन संस्था. प्लेगच्या दिवसांत वाल्देमार हाफकिनची प्रयोगशाळा गव्हर्नरांच्या ज्या जुन्या निवासात हलवली गेली, तीच ही वास्तू. १९२५ पासून तिला हाफकिनचे नाव मिळाले होते. चौकशीसाठी बाल्फर यांनी लंडनहून एका स्त्री-डॉक्टरला बोलावून घेतले. तिचे नाव लूसी विल्स.

५/
विल्स यांचा जन्म १८८८ चा, बर्मिंगहॅमजवळचा. केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्राचा अभ्यास केला; परीक्षा दिली, परंतु पदवी मिळाली नाही, कारण स्त्रियांना पदवी देण्याचे केंब्रिजने १९४८ पर्यंत टाळले. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत त्यांनी काही काळ रुग्णसेवा केली आणि मग वैद्यकाकडे वळल्या. १९२० मध्ये त्या लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय शाळेतून डॉक्टर झाल्या. दवाखाना थाटण्यापेक्षा रॉयल फ्री रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतले काम त्यांनी पत्करले. मुंबईला आल्या तेव्हा त्या चाळिशीत होत्या. १९२८ ते १९३३ या काळात त्यांचे काम प्रामुख्याने हाफकिनमध्ये झाले. अधूनमधून कुन्नूर आणि मद्रास येथेही त्या गेल्या.

६/
त्या काळी रक्तक्षयाच्या अभ्यासात एक मोठी घटना ताजी होती. १९२६ मध्ये बोस्टनच्या जॉर्ज मायनट आणि विल्यम मर्फी यांनी दाखवले, की ‘पर्निशियस ॲनिमिया’ हा प्राणघातक रक्तक्षय रुग्णाला रोज भरपूर यकृत खाऊ घातले तर आटोक्यात येतो. या कामासाठी त्यांना, जॉर्ज व्हिपल यांच्याबरोबर, १९३४ चे नोबेल मिळाले. मुंबईतल्या स्त्रियांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी पर्निशियस ॲनिमियातल्या पेशींसारख्याच दिसत: संख्येने थोड्या, आकाराने मात्र नेहमीपेक्षा मोठ्या. म्हणून या आजारालाही तेच नाव चिकटले होते, पुढे फक्त ‘गर्भावस्थेतील’ एवढे जोडलेले. विल्स यांना ते नाव पटेना. पर्निशियस ॲनिमियाच्या रुग्णाच्या जठरात आम्ल नसते. या स्त्रियांच्या जठरात ते होते. दिसायला सारखा, तरी हा रोग वेगळा असावा.

७/
मग त्यांनी सूक्ष्मदर्शक बाजूला ठेवून स्वयंपाकघराकडे पाहिले. १९३० मध्ये एस. एन. तळपदे यांच्यासह त्यांनी मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीच्या परिस्थितीची पाहणी प्रसिद्ध केली. निरनिराळ्या थरांतील स्त्रिया काय खातात, किती खातात, कशा घरात राहतात, याच्या त्या नोंदी होत्या. चित्र स्पष्ट होते. ज्यांच्या ताटात भाजीपाला, फळे, दूध सर्वांत कमी, त्यांच्यातच हा रक्तक्षय सर्वांत जास्त. सर्वाधिक झळ गरीब मुसलमान स्त्रियांना बसत होती. रोगाचा उगम कुठल्या जंतूत किंवा ‘उष्ण कटिबंधाच्या हवेत’ नसून पानात न पडलेल्या अन्नात आहे, अशी शंका बळावली. वसाहतकालीन वैद्यकात भारतीयांच्या आजारांचे खापर हवामानावर आणि चालीरीतींवर फोडण्याचा प्रघात होता. त्या पार्श्वभूमीवर ताटाची ही मोजदाद वेगळी उठून दिसते.

८/
शंकेची परीक्षा प्राण्यांवर झाली. गरीब स्त्रियांच्या आहारासारखा निकृष्ट आहार गाभण उंदरांना दिला, तर त्यांनाही रक्तक्षय होई. आहारात यीस्ट मिसळले, तर टळे. उंदरांतील उवांमुळे पसरणाऱ्या एका संसर्गाने निष्कर्ष धूसर केला, तेव्हा प्रयोग माकडांवर पुन्हा करण्यात आले. यीस्टचे जे रूप विल्स यांनी निवडले ते होते मार्माइट, इंग्लंडात पावाला लावून खाल्ला जाणारा एक काळपट, खारट लगदा. दारूभट्टीत उरलेल्या यीस्टपासून तो तयार होई. यकृताचा अर्क महाग होता, मार्माइट स्वस्त. गिरणीतल्या बाईला परवडेल असा उपाय हवा, तर किंमत हा शास्त्रीय प्रश्नाचाच भाग होता. माकडांना गुण आला. मग स्त्रियांना दिले. त्यांच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या, भूक परतली, अंगात त्राण आले.

९/
हा शोधनिबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २० जून १९३१ रोजी छापला गेला. यीस्टमध्ये आणि यकृतात रक्त घडवणारे काहीतरी आहे, इतके सिद्ध झाले. ते काय आहे, हे विल्स यांना ठाऊक नव्हते आणि ठाऊक असल्याचा आव त्यांनी आणला नाही. पुढे १९३७ च्या अखेरीस त्या दहा आठवड्यांसाठी पुन्हा हाफकिनमध्ये आल्या. शुद्ध केलेल्या ज्या यकृत-अर्काने पर्निशियस ॲनिमिया बरा होतो, त्याने या स्त्रियांना गुण येत नाही, आणि कच्च्या अर्काने मात्र येतो, हे या टप्प्यावरच्या कामातून पुढे आले. म्हणजे शुद्धीकरणात जे फेकले जात होते, त्यातच यांचे औषध होते. या अज्ञात द्रव्याला वैद्यकीय लेखनात ‘विल्स फॅक्टर’ म्हटले जाऊ लागले.

१०/
इथे एक तारीख थबकायला लावते. विल्स यांचा निबंध छापून येण्याच्या दोनच दिवस आधी, १८ जून १९३१ रोजी, वेल्समधील रूथिन येथे लेडी मेहेरबाई टाटा यांचे निधन झाले. त्या सर दोराबजी टाटांच्या पत्नी, आणि स्त्रीशिक्षण, बालविवाहबंदी यांसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्या. त्यांना ल्युकेमिया झाला होता. युरोपातले उत्तमोत्तम उपचार त्यांच्या हाताशी होते, पण त्या रोगापुढे संपत्तीही तितकीच हतबल होती. १९३२ च्या एप्रिलमध्ये दोराबजींनी पत्नीच्या नावे एक न्यास स्थापला. त्याच्या उत्पन्नाचा मोठा वाटा, पाचांतले चार भाग, रक्ताच्या रोगांवरील, विशेषतः ल्युकेमियावरील, जगभरातल्या संशोधनासाठी राखून ठेवला. दोन महिन्यांत दोराबजीही गेले.

११/
परळच्या प्रयोगशाळेतला शोध आणि टाटांच्या घरातला मृत्यू यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असे १९३१ मध्ये कोणीही म्हटले नसते. एक आजार पेशी कमी पडल्याने झालेला, दुसरा पेशी बेसुमार माजल्याने. एक गरिबीचा, दुसरा गरीब-श्रीमंत न पाहणारा. दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे पेशी कशी विभागते हा प्रश्न, आणि त्याचे उत्तर मिळण्यासाठी आधी तो अज्ञात पदार्थ हाती लागायला हवा होता.

१२/
तो हाती लागला निराळ्याच वाटेने. टेक्सास विद्यापीठात हर्शेल मिचेल, एस्मंड स्नेल आणि रॉजर विल्यम्स हे जिवाणूंच्या वाढीला लागणारे एक द्रव्य शोधत होते. १९४१ मध्ये त्यांनी चार टन पालकापासून ते अल्प प्रमाणात वेगळे केले. पानापासून मिळाले म्हणून, लॅटिन ‘फोलियम’वरून, त्याला फॉलिक ॲसिड असे नाव दिले. मुंबईतल्या स्त्रिया त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हत्या. जिवाणूंवर, कोंबड्यांवर, माकडांवर काम करणाऱ्या वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी आपापल्या द्रव्यांना वेगवेगळी नावे दिली होती. हे सारे एकाच कुळातले आहेत आणि विल्स यांचा यीस्टमधला पदार्थही त्याच कुळातला, हे हळूहळू उलगडले. विज्ञानाचा इतिहास सरळ रेषेत चालत नाही. अनेक पायवाटा एका चौकात येऊन मिळाल्या, की मागाहून तो राजमार्ग वाटतो.

१३/
पण चार टन पालकातून चिमूटभर पदार्थ काढून रुग्ण बरे होत नाहीत. तो प्रयोगशाळेत बनवता यायला हवा. हे काम न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथे, लेडर्ले प्रयोगशाळेत झाले. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातील भीमवरमचे, १८९५ चा जन्म. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात खादी वापरल्यामुळे इंग्रज प्राध्यापकाची खप्पा मर्जी ओढवली आणि पूर्ण पदवीऐवजी त्यांना कनिष्ठ प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. त्यांच्या भावाचा बळी स्प्रू या आजाराने घेतला होता. त्या आजारात आतडी अन्नातले सत्त्व शोषू शकत नाहीत आणि रुग्ण रक्तक्षयाने झिजतो. १९२० च्या दशकात ते बोस्टनला हार्वर्डमध्ये पोहोचले. स्नायूंतील ऊर्जेच्या रसायनावर त्यांनी मूलभूत काम केले, तरी तिथे कायमची जागा त्यांना मिळाली नाही. १९४० मध्ये ते लेडर्लेत आले. १९४५ मध्ये त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिडचे संश्लेषण जाहीर केले.

१४/
बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात सिडनी फार्बर हे विकृतिशास्त्रज्ञ होते. रुग्णाच्या मृत्यूनंतर शरीर तपासून रोग काय होता ते सांगणे, हे त्यांचे काम. ल्युकेमियाने गेलेल्या मुलांची अस्थिमज्जा त्यांनी वर्षानुवर्षे पाहिली होती. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील संशोधकांनी फॉलिक ॲसिडच्या कुळातील पदार्थ दिल्यावर उंदरांच्या गाठी आक्रसल्याचे नोंदवले होते. रक्तक्षयात जे जीवनसत्त्व बिघडलेल्या अस्थिमज्जेला ताळ्यावर आणते, ते ल्युकेमियातही आणील, हा तर्क त्या वेळी अवास्तव नव्हता. लेडर्लेने पुरवलेली फॉलिक ॲसिडची संयुगे कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांतच ल्युकेमियाग्रस्त मुलांना देण्यात आली.

१५/
तर्क चुकला. मुलांच्या अस्थिमज्जेचे नमुने तपासले, तेव्हा रोगाच्या पेशी ओसरण्याऐवजी अधिक वेगाने वाढताना फार्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसल्या. ज्याला औषध समजून दिले, ते रोगाला खतपाणी ठरत होते. हा या इतिहासातला सर्वांत अवघड क्षण आहे. ती मुले अशीही वाचणार नव्हती, असे म्हणून तो झाकून नेता येतो; पण आईवडिलांनी आशेने पुढे केलेल्या लेकरांना अपाय झाला असण्याची शक्यता त्याने पुसली जात नाही. फार्बर यांनी निष्कर्ष दडपला नाही. त्यांनी प्रश्न उलटा केला. फॉलिक ॲसिडने पेशी फोफावत असतील, तर ते तोडल्यास त्या उपाशी मरतील का?

१६/
सुब्बारावांच्या चमूकडे उत्तराचे साहित्य होते. फॉलिक ॲसिडच्या रेणूत किंचित फेरफार करून त्यांनी त्याचे ‘तोतये’ तयार केले. पेशी त्यांना जीवनसत्त्व समजून स्वीकारते, पण ते कामाला येत नाहीत, आणि खऱ्याची जागा मात्र अडवून बसतात. चावी कुलपात जाते, फिरत नाही, आणि दुसरी चावी घालायला वाव राहत नाही, तसे. अशा संयुगांपैकी ॲमिनोप्टेरिन सर्वांत प्रभावी ठरले. मूळ रेणूच्या एका टोकाला असलेल्या ऑक्सिजनच्या गटाऐवजी नायट्रोजनचा गट, एवढाच काय तो बदल.

१७/
२८ डिसेंबर १९४७ रोजी ॲमिनोप्टेरिनचे इंजेक्शन दोन वर्षांच्या एका मुलाला देण्यात आले. आधीचा एक तोतया त्याच्यावर फारसा परिणाम करू शकला नव्हता. या वेळी पांढऱ्या पेशींची चढती संख्या थांबली आणि मग उतरू लागली. फुगलेली प्लीहा ओसरली. मूल पुन्हा खाऊ लागले, खेळू लागले. शंभर वर्षांत ल्युकेमियाने औषधापुढे अशी माघार घेतलेली कोणी पाहिली नव्हती. रुग्णालयात सगळ्यांना हे रुचले होते असे नाही. मरणाऱ्या मुलांना सुखाने जाऊ द्यावे, विषारी औषधांचे प्रयोग त्यांच्यावर करू नयेत, असे मानणारे डॉक्टर तिथे होते, आणि त्यांचा आक्षेप निव्वळ जुनाट वृत्तीतून आलेला नव्हता. नाझी डॉक्टरांच्या खटल्याचा निकाल लागून, मानवी प्रयोगांसाठी संमतीची अट घालणारी न्यूरेंबर्ग संहिता जाहीर होऊन अवघे चार महिने झाले होते.

१८/
३ जून १९४८ च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १६ मुलांवर उपचार. त्यांपैकी १० जणांत महत्त्वाची सुधारणा. निबंधाच्या शीर्षकातच ‘तात्पुरती’ हा शब्द होता. तो अतिशय नेमका होता. काही आठवड्यांत, काही महिन्यांत रोग परते आणि मग औषधाला दाद देत नसे. ज्या मुलाला डिसेंबरात पहिले इंजेक्शन मिळाले, तेही त्याच वर्षी गेले. तरीही ‘तात्पुरती’ या शब्दात ‘शक्य’ हा शब्द दडलेला होता. निबंध आल्यावर दोन महिन्यांत, ऑगस्ट १९४८ मध्ये, सुब्बारावांचे ५३ व्या वर्षी झोपेतच निधन झाले. आपल्या रेणूने पुढे काय घडवले, ते त्यांना दिसले नाही.

१९/
आता त्या दोन उपचारांकडे पुन्हा पाहता येते. पेशी विभागण्याआधी तिला आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते, आणि त्यासाठी लागणारा एक घटक फॉलिक ॲसिडवाचून घडत नाही. गिरणगावातल्या स्त्रीच्या अस्थिमज्जेत पेशी वाढत, पण डीएनए पुरेसा न घडल्याने विभागू शकत नसत. म्हणून त्या मोठ्या आणि मोजक्या. ॲमिनोप्टेरिन ल्युकेमियाच्या पेशीत नेमकी हीच अवस्था निर्माण करते. बोस्टनच्या मुलाला दिलेले औषध म्हणजे एका अर्थी मुंबईच्या गर्भवतीचा आजार होता. मोजून मापून, जाणूनबुजून दिलेला. या औषधांनी रुग्णाचे तोंड येते, जीभ सोलवटते. मुंबईच्या त्या स्त्रियांची जीभही अशीच सोलवटलेली असे.

२०/
‘तात्पुरती’ या शब्दाशी पुढची वीस वर्षे झुंज चालली. ॲमिनोप्टेरिनची जागा त्याच्याच कुळातल्या, तुलनेने सुरक्षित अशा मेथोट्रेक्सेटने घेतली. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी ६-मर्कॅप्टोप्युरिन दिले. आपल्याकडे अंगणात, तुळशीजवळ फुलणाऱ्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टीन मिळाले. एकेका औषधाला रोग चुकवतो, म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला चार औषधे एकत्र देण्यात आली. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी मेंदूच्या आवरणात दडून बसणाऱ्या पेशींवरही उपचार जोडले, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस निम्म्याच्या आसपास मुले वाचू लागली. आज श्रीमंत देशांत लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाची सुमारे ९० टक्के मुले बरी होतात.

२१/
‘श्रीमंत देशांत’ हे दोन शब्द मात्र वगळता येत नाहीत. टाटांच्या देणगीतून परळला उभे राहिलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तरीही १९७० च्या दशकात, भारतातल्या मोठ्या कर्करोग केंद्रांतही, या आजाराची पाचातली चार मुले हातची जात. औषधे जगाला ठाऊक होती. कमी होती ती एकसारख्या पद्धतीची, रक्तपट्टिकांची, संसर्ग आवरण्याच्या सोयींची. १९८४ पासून मुंबई, चेन्नई आणि दिल्लीतील तीन केंद्रांनी अमेरिकी राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने ‘एमसीपी-८४१’ नावाची एकच उपचारपद्धती अवलंबली. तिच्यामुळे आणि पूरक शुश्रूषेतील सुधारणांमुळे चार वर्षे रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण २० टक्क्यांहून कमी होते, ते ४५ ते ६० टक्क्यांपर्यंत गेले. नवे औषध एकही नव्हते. असलेले नीट, अखेरपर्यंत देणे, एवढाच फरक होता.

२२/
‘अखेरपर्यंत’ हाच कळीचा शब्द. या रोगाचा उपचार दोन-अडीच वर्षे चालतो. बिहार-बंगालहून, मराठवाड्या-विदर्भाहून मूल घेऊन आलेल्या बापाची मजुरी तेवढा काळ बुडते. मुंबईत राहायला जागा नसते. रोग ओसरलेला दिसला, मूल खेळू लागले, की काही कुटुंबे उपचार अर्ध्यावर सोडून गावी परततात, आणि तो शब्द पुन्हा खरा होतो: तात्पुरती. म्हणून दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतली खोली आणि दोन वेळचे जेवण हाही या उपचाराचाच भाग मानावा लागतो. खाडा झाला की मजुरी बुडते, म्हणून शरीराकडे पाहायला उसंत नाही. १९२८ च्या वाइंडिंग खात्यातल्या बाईचा पेच तोच होता.

२३/
विल्स १९६४ मध्ये वारल्या. अखेरपर्यंत त्या पोषणाच्या प्रश्नांवर काम करीत राहिल्या. त्यांच्या शोधाचे फळ लाल गोळीच्या रूपाने खेड्यापाड्यांत पोहोचले. असे असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के होते. यातला बराच रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा, पण मूळ कारण तळपदे आणि विल्स यांनी ९० वर्षांपूर्वी जिथे शोधले तिथेच आहे: ताटात. कर्करोगाच्या पेशीची उपासमार कशी करावी, ही विद्या आपण शिकलो. आईची उपासमार कशी थांबवावी, हे शिकायला वेळ लागतो आहे.

२४/
मेथोट्रेक्सेटचा मोठा डोस दिल्यावर आज एक गोष्ट कटाक्षाने केली जाते. ठरावीक तास उलटले, की मुलाला फॉलिनिक ॲसिड देतात. ते फॉलिक ॲसिडचेच एक तयार रूप. निरोगी पेशींना ते वाचवते. आधी वाट अडवायची, मग वेळेवर मोकळी करायची. एकाच बिछान्याशी, एकाच शिरेतून फार्बर यांचे औषध जाते आणि पाठोपाठ विल्स यांचे. ज्या स्त्रियांच्या रक्ताने हा शोध सुरू झाला, त्यांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. १९४८ च्या निबंधातली मुलेही केवळ रुग्ण म्हणूनच उरली. परळच्या त्या खोलीत ठिबकणाऱ्या दोन बाटल्या हेच त्यांचे स्मारक.